व्हॉल्व्हची लाइन हलवताना

२००६च्या ऑगस्टमध्ये, एका शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरजवळच्या एका कारखान्यातली लॅपिंगची खोली कायमची बंद झाली. खोलीत सात माणसं काम करत होती. त्यांचं काम तीन आठवड्यांपूर्वी स्लोव्हाकियातल्या एका कारखान्यात व्यवस्थित सुरू झालं होतं. ते एप्रिलमध्येच व्हायला हवं होतं. उशीर झाला तो मी कापलेल्या दोन ओळींमुळे.

त्या कारखान्यात २००१ ते २००८ अशी सात वर्षं मी नोकरी केली. त्याआधी नागपूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं वाणिज्य पानावर उपसंपादक होते. अमेरिकेत आल्यावर त्या अनुभवाचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. झाला तो अनपेक्षित जागी. कारखान्याला सूचनापत्रं लिहिणारं माणूस हवं होतं. सूचनापत्र म्हणजे एखादं काम पायरीपायरीनं कसं करायचं ते सांगणारा कागद. कामगाराशेजारी उभं राहायचं, तो काय करतो ते वहीत टिपायचं आणि त्यातलं अनावश्यक कापून उरलेलं इतक्या सोप्या भाषेत लिहायचं, की ज्यानं ते यंत्र कधी पाहिलेलं नाही त्यालाही काम करता यावं. कामगार मला 'नोटबुक' म्हणत. "नोटबुक आली, आता शिंकलो तरी पायरी होईल," असं एकदा पाठीमागून ऐकलं होतं.

पहिल्या दोन वर्षांत हे कागद नव्या कामगारांसाठी लागत. २००३नंतर ते लाइन हलवण्यासाठी लागू लागले. कंपनी एकेक काम स्वस्त ठिकाणी नेत होती. जे काम जाणार असेल त्याचं सूचनापत्र आधी पूर्ण करावं लागे. त्यामुळे मी वही घेऊन कुठल्या विभागात उभी राहते, यावरून कुणाची पाळी आली ते कारखान्याला समजत असे. अधिकृत घोषणा नंतर व्हायची.

पहिली लाइन मेक्सिकोला गेली. त्या वेळची एक गोष्ट सांगायला हवी. वॉल्टर नावाचा जोडणी कामगार व्हॉल्व्हमध्ये बसवायच्या रबरी रिंगा सकाळी आल्या आल्या शर्टाच्या खिशात टाकायचा आणि तासाभरानं एकेक काढून बसवायचा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, खिसा जवळ पडतो. पण रिंगांचा डबा बाहेरच्या भिंतीलगत असे, आणि वूस्टरच्या हिवाळ्यात ती भिंत गारठलेली असते. थंड रबर कडक होतं आणि बसवताना चिरतं. वॉल्टरचा खिसा म्हणजे रिंगा गरम करायची सोय होती, हे खुद्द वॉल्टरलाही ठाऊक नव्हतं. 'रिंगा बसवण्यापूर्वी तासभर उबदार जागी ठेवाव्यात' ही पायरी मी लिहिली. साहेबांनी ती बैठकीत वाचून दाखवली. पुढचं वर्षभर मला वाटत होतं की माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

स्लोव्हाकियाचं काम २००५मध्ये निघालं. तिथला कारखाना आमच्या कंपनीनं विकत घेतला होता. तो मी पाहिलेला नाही. इथे लिहिते ते इतरांनी सांगितलेलं आहे. समाजवादी राजवटीत तो सरकारी होता आणि यंत्रांचे सुटे भाग बनवत असे. १९८९नंतर त्याच्या मागण्या आटल्या, मग खासगीकरण झालं, दोन मालक आले आणि गेले. २००४मध्ये देश युरोपीय संघात गेला, सगळ्यांना एकाच दराचा कर लागू झाला, आणि परदेशी कंपन्या तिथे गाड्यांपासून स्क्रूपर्यंत सगळं बनवायला निघाल्या. मजुरी वूस्टरपेक्षा पुष्कळ कमी होती, आणि कामगार तीस-तीस वर्षं धातूवर हात बसलेले. शिवाय आमचा मोठा ग्राहक जर्मनीत होता आणि स्लोव्हाकियातून तिथे ट्रकनं एका दिवसात माल पोचत होता. कागदावर हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

लाइन होती सेफ्टी व्हॉल्व्हची. बॉयलरमधला दाब मर्यादेबाहेर गेला की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ सोडतो. उरलेला सगळा काळ तो घट्ट बंद असावा लागतो. आत धातूची एक चकती धातूच्याच बैठकीवर टेकलेली असते; मध्ये रबर नाही, काही नाही. दोन्ही पृष्ठभाग इतके सपाट हवेत की वाफेलाही वाट मिळू नये. ती सपाटी हातानं आणतात. लोखंडी पाटावर बारीक पेस्ट लावायची आणि चकती बोटांनी धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत राहायची. याला लॅपिंग म्हणतात. मग चकती पुसून तिच्यावर एक खास काच ठेवायची आणि पिवळ्या दिव्याखाली पाहायचं. काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ असतील तर पृष्ठभाग सपाट, वाकडे असतील तर नाही. शेवटची चाचणी पाण्यात होते. जोडलेल्या व्हॉल्व्हमध्ये हवा भरायची, बाहेर येणारी नळी पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे मोजायचे.

वूस्टरच्या लॅपिंगच्या खोलीत सर्वांत जुनी जोअ‍ॅन. मी तिला भेटले तेव्हा ती एकोणतीस वर्षं तेच काम करत होती. बोलायची कमी. मी तिच्याजवळ अकरा दिवस उभी होते. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "मी काय करते ते लिहितेस, की मी काय केलं पाहिजे ते?" जे करतेस ते, असं मी सांगितलं. ती म्हणाली, बरं, मग लिही.

या लाइनची जबाबदारी सुगत मेश्रामवर होती. तोही नागपूरचा, इंदोऱ्याचा. व्हीएनआयटीतून धातुशास्त्र शिकलेला, पस्तिशीचा, एच-वन या नोकरीच्या व्हिसावर. आम्ही दोघं जवळच्या श्रूजबरीत राहत होतो आणि एकाच गाडीतून कामाला जायचो; एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. तो मला ताई म्हणायचा. त्याची बायको प्रज्ञा आणि चार वर्षांची मुलगी आर्या इथेच होत्या. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीमार्फत होता आणि लाइन हलवणाऱ्या तुकडीतल्या त्याच्याच पदासाठी होता. नोकरी गेली की अर्ज गेला, आणि व्हिसाही गेला. व्हिसाचा पासपोर्टातला शिक्का संपला होता. देशाबाहेर गेला असता तर नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता आलं नसतं, आणि तो किती दिवसांत मिळेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून ज्या कारखान्याची जबाबदारी त्याच्यावर, तिथे तो एप्रिल २००६नंतर जाऊ शकला नाही. सगळं काम फोनवर.

त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, स्लोव्हाकियाहून चार जण सहा आठवड्यांसाठी वूस्टरला शिकायला आले होते. त्यांची प्रमुख इव्हाना, चाळिशीची इंजिनीअर. सहा आठवड्यांत त्या चौघांनी केलेल्या सगळ्या चकत्या पाण्याच्या चाचणीत पास झाल्या. मार्चमध्ये यंत्रं खोक्यांत भरून रवाना झाली. लॅपिंगची खोली तेवढी मागे ठेवली होती, नवा कारखाना पास होईपर्यंतची राखीव सोय म्हणून. तो पास झाला की खोली बंद, असं सातही जणांना लेखी कळवलेलं होतं.

एप्रिलमध्ये स्लोव्हाकियात काम सुरू झालं. काचेखाली पट्टे सरळ दिसत. व्हॉल्व्ह जोडून दुसऱ्या सकाळी पाण्यात घातला की बुडबुडे येत. सगळ्यांत नाही, दर दहांमधल्या तीन-चारांत. ग्राहकाची अट होती, सलग तीस व्हॉल्व्ह एकाही बुडबुड्याविना. मुदत जुलैअखेर. तोवर जमलं नाही तर ती लाइन चीनमधल्या कारखान्याकडे जाणार होती आणि सुगतची तुकडी बरखास्त होणार होती. मेच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी हे त्याला तोंडी सांगितलं, जूनमध्ये ईमेलनं.

वूस्टरच्या खोलीत वेगळी समजूत होती. स्लोव्हाकिया फसलं तर काम परत इथे येईल, असं सातही जण धरून चालले होते. ती समजूत चूक होती असं कुणी ठामपणे सांगू शकत नव्हतं. बरोबर होती असंही नाही.

मे आणि जून सुगतनं एकेक शक्यता तपासण्यात घालवले. पेस्ट वूस्टरहून पाठवली. काच पाठवली. दिवा बदलला. धातूचे नमुने मागवून इथल्या प्रयोगशाळेत कापून पाहिले. आमचा एक अमेरिकन इंजिनीअर तिथे आठवडाभर राहून आला. त्याचा अहवाल दीड पानांचा होता: कामगार निष्णात आहेत, आपल्यापेक्षा वेगानं काम करतात, सूचनापत्र तंतोतंत पाळतात.

सकाळी पावणेसातला, स्लोव्हाकियात दुपार असताना, सुगत गाडीतूनच इव्हानाला फोन लावायचा. मी शेजारी बसून ऐकायची. एकदा त्यानं फोन ठेवला. मग म्हणाला, "काय होऊन राहिलं काही समजत नाही यार. तेच हात आहेत ताई. इथे पास झाले, तिथे फेल होतात. काल आर्या विचारत होती, बाबा, व्हाय इज स्लोव्हाकिया ऑल्वेज ब्रोकन?"

मी विचारलं, प्रज्ञाला सगळं सांगितलं आहेस का.

"तिला माहीत आहे. तिनं सामानाची यादी केली. सोफा कुणाला द्यायचा तेपण लिहिलं." थोड्या वेळानं म्हणाला, "बाकी मी यादी नाही करणार. जुलैची एकतीस तारीख अजून आली नाही."

तेच हात, इथे पास, तिथे नापास. हे वाक्य मी त्या दिवशी वहीत उतरवून घेतलं. नऊ वर्षं पानावर बसलेल्या माणसाला एक सवय असते: छापलेलं चुकलं की मूळ प्रत काढायची. सूचनापत्र म्हणजे छापलेलं. मूळ प्रत म्हणजे माझ्या वह्या. मी ती सवय वापरली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे तीन महिने उशिरा. सूचनापत्र चूक असू शकतं, हे तोवर मनात आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी जोअ‍ॅनच्या अकरा दिवसांची वही काढली. तिसऱ्या दिवसाची नोंद अशी होती: '९.४० घंटा. सगळे हातातला पीस मोठ्या पाटावर ठेवून कॉफीला. १०.०० परत. जोअ‍ॅन बसते, आधी काच लावते, मग दोन-तीन हलके हात.' या ओळींवर लाल पेन्सिलीची रेघ होती. शेजारी माझ्याच अक्षरात एक शब्द होता: 'अनावश्यक'. दुपारी २.१०च्या घंटेची नोंद चौथ्या दिवसापासून मी केलीच नव्हती.

वर्तमानपत्रात मला पहिल्या वर्षी शिकवलं गेलं की बातमीत मंत्र्यानं चहा घेतला हे लिहायचं नाही. मी कॉफी कापली होती.

त्याच वहीच्या मागच्या पानावर फेब्रुवारीची एक नोंद होती. इव्हानानं मला विचारलं होतं, तुमची माणसं काम अर्धवट टाकून सुट्टीला का उठतात? आमच्याकडे हातातलं संपवल्याशिवाय कुणी उठत नाही. मी उत्तर दिलं होतं, इथे घंटा झाली की उठतात, युनियनचा नियम आहे. तिनं मान डोलावली होती. सहा आठवडे ती आणि तिचे लोकही घंटा झाली की पीस ठेवून कॉफीला जात होते.

पुढचं उघड होतं. घासताना धातू गरम होतो आणि बोटांची ऊबही त्यात जाते. गरम चकती किंचित फुगते. फुगलेल्या अवस्थेत ती सपाट घासली जाते, काचही तिला सपाट म्हणते. थंड झाली की पृष्ठभाग मध्ये किंचित खोल जातो. वूस्टरमध्ये घंटेआधी घासलेली प्रत्येक चकती मोठ्या लोखंडी पाटावर पडून राही, सुट्टीच्या वीस मिनिटांत पूर्ण थंड होई, मग पुन्हा काचेखाली जाई, आणि मग शेवटचे हलके हात फिरत. स्लोव्हाकियात लगेच काच लावत, पट्टे सरळ दिसत, चकती पुढे जाई. सूचनापत्रात जे होतं तेच ते करत होते.

हे मला सोमवारी सकाळी साधारण नऊ वाजता समजलं. सुगतला मी मंगळवारी दुपारी तीनला सांगितलं. मधल्या तीस तासांत आम्ही दोनदा एका गाडीतून प्रवास केला. त्या तीस तासांत त्यानं स्लोव्हाकियात आणखी एक पेस्ट बदलून घेतली. मी गप्प होते, कारण ते सांगितलं की खोली बंद होणार होती, आणि खोलीतल्या सात जणांपैकी एकीनं मला सगळं दाखवलं होतं.

मंगळवारी दुपारी मी आधी जोअ‍ॅनकडे गेले. वही तिच्यासमोर उघडी ठेवली आणि विचारलं, कॉफीच्या आधी काच का लावत नाहीस?

"कॉफीच्या आधी कोण लावतं?"

पण का नाही?

तिनं सांगितलं की ती इथे लागली तेव्हा एडी नावाचा फोरमन होता. घंटा त्यानंच बसवली. कुणी घंटेआधी काच लावली तर एडी काच काढून घ्यायचा. कारण कधी सांगितलं नाही. नंतर एडी निवृत्त झाला, वारला, घंटा राहिली. लोकांना कॉफीची सवय झाली आणि पुढे युनियनच्या करारात ती वीस मिनिटं सुट्टी म्हणून लिहिली गेली. जोअ‍ॅनला कारण माहीत होतं का, हे मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती म्हणाली, हे सगळ्यांनाच माहीत असतं. दुसऱ्यांदा म्हणाली, मला कुणी विचारलं नाही.

मी तिला सरळ सांगितलं की ही पायरी लिहून पाठवली तर तिकडे व्हॉल्व्ह पास होतील, आणि मग ही खोली राहणार नाही.

जोअ‍ॅननं काही क्षण दिव्याकडे पाहिलं. मग विचारलं, "ते गळके तिथून बाहेर गेलेत का?"

नाही, मी म्हणाले. सगळे चाचणीतच अडकलेत.

"गेले असते. पाण्याच्या टाकीवर आज ना उद्या एखादा थकलेला माणूस बसेल." तिनं हातातली चकती घासायला घेतली. चार मिनिटं घासली, पुसली आणि लगेच काचेखाली ठेवली. पट्टे सरळ होते. "हे बघ. आता घड्याळ लाव." चकती तिनं मोठ्या पाटावर ठेवली. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. घंटा झाली तरी ती उठली नाही. वीस मिनिटांनी तिनं तीच चकती पुन्हा काचेखाली ठेवली. पट्टे वाकलेले होते, सगळे एका बाजूला.

"लिही," ती म्हणाली. "आणि या वेळी कापू नकोस, नोटबुक."

तीन वाजता सुगतच्या टेबलाशी गेले. वही दाखवली, जोअ‍ॅननं करून दाखवलेलं सांगितलं, आणि सोमवारपासून गप्प होते तेही सांगितलं. त्यानं नोंद दोनदा वाचली.

"सोमवारपासून?"

हो.

"काल गाडीत मी परत त्या सोफ्याबद्दल बोलत होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

हो, मी म्हणाले.

तो उठला. वही घेऊन लॅपिंगच्या खोलीत गेला. जोअ‍ॅनकडून पाळी संपल्यानंतर तोच प्रयोग पुन्हा तीनदा करून घेतला, तिन्ही वेळा स्वतः काच पाहिली. साडेपाचला परत आला आणि म्हणाला, "चला ताई. या आठवड्यात गाडी तुमची आहे." वाटेत त्यानं एकच प्रश्न विचारला: वीस मिनिटंच का, पंधरा का नाहीत. मला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं. "एडीला माहीत असेल," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी नवी पायरी पाठवली. पायरी चौदा. वाद तिथून सुरू झाला. इव्हानाला कारण पाच मिनिटांत पटलं; ती फोनवर काही वेळ स्वतःवरच चिडली होती, कारण प्रश्न तिनंच विचारला होता. पण तिचा व्यवस्थापक ऐकेना. त्याचं म्हणणं असं: हा कारखाना विकत घेतला तो वेगासाठी. कामगारांचा बोनस दर तासाला किती चकत्या होतात यावर ठरतो. प्रत्येक चकतीमागे वीस मिनिटं बसून राहिलो तर वूस्टरपेक्षा स्वस्त कसे राहणार? मग लाइन चीनला गेली तरी काय फरक पडतो? आकडेमोडीच्या दृष्टीनं त्याचं चुकत नव्हतं.

गुरुवारी सुगत दिवसभर लॅपिंगच्या खोलीत बसला. शुक्रवारी सकाळी गाडीतून त्यानं इव्हानाला फोनवर जे सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलं. थांबायचं आहे ते चकतीला, माणसाला नाही. प्रत्येकाला एकाऐवजी सहा चकत्या द्या. पहिली घासून पाटावर ठेवली की दुसरी घ्या. सहावी ठेवाल तेव्हा पहिली थंड झालेली असेल. तिला काच लावा, हलके हात फिरवा, पुढे पाठवा. वीस मिनिटांत कुणीही रिकामा बसणार नाही. इव्हानानं ते सगळं लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, वूस्टरमध्ये हे तीस वर्षांत कुणी का केलं नाही?

सुगत म्हणाला, इथे कॉफी चांगली असते.

दुपारी त्यानं हीच पद्धत जोअ‍ॅनला दाखवली. तिनं सहा चकत्या ओळीनं ठेवून एक फेरी पूर्ण केली. मग म्हणाली, "म्हणजे खोलीही गेली आणि कॉफीही."

सुगतनं तिची माफी मागितली.

"तू कशाला मागतोस," ती म्हणाली. "तुझी मुलगी कितीची आहे?"

चार, तो म्हणाला. जोअ‍ॅननं सहाही चकत्या पुसायला घेतल्या.

सलग तीस व्हॉल्व्हची पहिली फेरी सव्विसाव्या व्हॉल्व्हला एका बुडबुड्यावर अडली. दुसरी फेरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली. इव्हानानं तीसही नळ्यांचे फोटो पाठवले. पाणी स्थिर होतं. ग्राहकाच्या प्रतिनिधीची सही त्याच दिवशी झाली.

लॅपिंगची खोली बंद झाली त्या शुक्रवारी साडेतीनची, पाळी संपल्याची घंटा जोअ‍ॅननं स्वतः वाजवली. सातांपैकी दोघं निवृत्त झाले. दोघांना कारखान्यातच दुसऱ्या विभागात घेतलं. एक फ्लोरिडाला मुलाकडे गेला, एकाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. जोअ‍ॅनला वूस्टरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करण्याच्या विभागात काम मिळालं. तिथेही उपकरणं यंत्रातून काढल्यावर ठरावीक वेळ थंड होऊ द्यावी लागतात, असं तिनं मला नंतर फोनवर सांगितलं.

नोकरीतल्या शेवटच्या दोन वर्षांत मी आणखी तीन लाइनी लिहिल्या. प्रत्येक वहीत सुट्ट्यांच्या वेळा, कोण कुठे उभं राहतं, कोण काय खिशात ठेवतं हे सगळं उतरवलं आणि साहेबांनी सांगितलं तरी कापलं नाही. सूचनापत्रं लांब होत गेली. त्याबद्दल दोनदा लेखी समज मिळाली. ती दोन्ही पत्रं माझ्याकडे आहेत.

सुगतचं ग्रीन कार्ड २००८च्या वसंतात आलं. तो आता नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला असतो. त्या तीस तासांबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा मी आर्याच्या शाळेबद्दल विचारलं असावं असं उत्तर त्यानं दिलं आणि फोन प्रज्ञाकडे दिला.

२००८च्या सप्टेंबरमध्ये, मी नोकरी सोडण्याच्या महिनाभर आधी, इव्हानाची ईमेल आली. स्लोव्हाकियातली मजुरी वाढली होती, पुढच्या वर्षी देशात युरो येणार होता, आणि कंपनीनं लॅपिंगची लाइन युक्रेनला हलवायचं ठरवलं होतं. नवं सूचनापत्र लिहायचं काम इव्हानाकडे आलं होतं. व्यवस्थापकानं पायरी चौदा लहान करायला सांगितल्याचं तिनं कळवलं होतं. मसुदा सोबत जोडला होता, तपासून द्यावा म्हणून.

मसुद्यात पायरी चौदा साडेपाच ओळींची होती. सहा चकत्या, मोठा पाट, वीस मिनिटं, मग काच, मग हलके हात. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की ही पद्धत वूस्टरच्या कारखान्यातल्या जोअ‍ॅनकडून घेतलेली आहे आणि वेळ कमी करू नये.

मी मसुदा काही न कापता परत पाठवला. इव्हानाची पोच त्याच दिवशी आली.